मासींच्या गाडीचा हीटर

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या गॅरेजात मी वेल्डिंगला होतो, तेव्हा आमच्याकडे एक छोटी गाडी बनत होती. गिऱ्हाइकाची नाही. गॅरेजचे मालक, आमचे काका, ती मासींसाठी म्हणजे आपल्या बायकोसाठी बनवत होते. फायबरची बॉडी, माझ्या हातची पाइपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मागे भंगारातून आणलेलं इंजिन. मासींचा उजवा पाय खुब्यातून वाकत नसे. रेल्वेच्या बाकावर, बसमध्ये त्यांना बसताच येत नसे. म्हणून या गाडीत डावीकडची सीट पार मागे घेतली होती, पाय सरळ सोडता यावा अशी.

जायचं होतं हिमाचलला. मुलगी तिकडे होती, जावई धरणाच्या कामावर. तिचं पहिलं बाळंतपण ऐन थंडीत यायचं होतं आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मासींना तिच्याजवळ पोचायचं होतं. पण थंडी लागली की त्यांचा पाय लाकडासारखा व्हायचा, सुरतेतल्या थंडीतसुद्धा. डॉक्टर म्हणाले, गाडी आतून गरम राहणार असेल तरच न्या.

मी सातवीतून शाळा सोडलेला, शहाद्याकडचा. लिंबायतच्या माझ्या भाड्याच्या खोलीत तापाने पडलो होतो, तेव्हा मासींनी मला आपल्या घरी आणून ओट्यावर झोपवलं, खिचडी भरवली. ते मला फेडायचं होतं असं नाही, ते फिटण्यासारखं नव्हतंच. पण हा हीटर मला नीट जमवायचाच होता.

शेजारचा रिक्षावाला रोज येऊन चिडवायचा. "अरे गांडा, वेड्या, सुरतमां हीटर? आत पापड भाजणार का?"

"तू बस ना आत," काका म्हणायचे, "तुझेच भाजतो."

ज्या इंजिनात पाणी फिरतं, त्यात गरम पाण्याची नळी आत घेऊन हीटर करता येतो. आमचं इंजिन हवेवर थंड होणारं, तो रस्ता बंद. विजेची कॉइल लावून पाहिली. तिने बॅटरी अशी खाल्ली की हेडलाइट पिवळे पडले. मग काकांनी लष्करी भंगारातून पेट्रोलवर जळणारा हीटर आणला. तो एकदाच पेटला, भडकला आणि विझला. "बायकोला पेटत्या स्टोव्हशेजारी बसवू का?" म्हणत त्यांनी तो बाहेर ठेवला.

उरला एकच उपाय. सायलेन्सरभोवती पत्र्याचं कवच, मधून पंख्याने हवा ढकलायची, ती तापून आत येते. ते कवच मी बनवलं. पहिल्याच दिवशी हवा इतकी गरम आली की काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही रोज संध्याकाळी वराछापर्यंत गाडी नेऊन आणायचो. हीटर चालू, आणि आम्ही दोघे घामाने निथळत असल्यामुळे काचा खाली. सुरतेत काचा वर करून गाडी चालवायचं कुणाला सुचणार?

निघायच्या आधी मासी म्हणाल्या, मला बसून बघू दे. शाल घेतली, पाय पुढे सोडला. गाडी गॅरेजात उभी, इंजिन चालू.

"दीकरा, काचा वर कर," त्या गुजरातीत म्हणाल्या. "तिकडे काय उघड्या ठेवणार?"

मी केल्या. बाहेरून त्या हसताना दिसत होत्या. काका बॉनेटवर टेकून रस्ता कुठून घ्यायचा ते सांगत होते, दिल्लीला मुक्काम करायचा की पुढे जायचं. थोड्या वेळाने मी पाहिलं तर मासींची मान कलली होती. मला वाटलं, उबेने डोळा लागला. काकांनी काचेवर टकटक केली, त्या हलल्या नाहीत.

दोघांनी त्यांना ओढून बाहेर आणलं. गॅरेजच्या ओट्यावर आडवं केलं, तेव्हा उलटी झाली आणि डोळे उघडले. "डोकं फुटतंय," एवढंच म्हणाल्या.

कवचाच्या आत सायलेन्सरच्या जोडावर केसाएवढी भेग होती. तिथून धुरातला विषारी वायू आत येत होता, वास नसलेला. काचा उघड्या असताना तो आमच्या नाकासमोरून निघून जात होता. मी जोड पुन्हा मारला, साबणाचं पाणी लावून तपासला, एकही बुडबुडा आला नाही. काकांना दाखवलं.

"आज नाही आला," ते म्हणाले. "डोंगरातल्या खड्ड्यांत आला तर? तिथं काचा बंद असतील. आणि ती झोपलेली असेल."

मी कवच सोडवून खाली ठेवलं.

हीटरशिवाय न्यावं का, यावर त्यांच्या घरात बोलणं झालं. रजया, गरम पाण्याच्या पिशव्या, सगळं निघालं. मासींनीच ते थांबवलं. म्हणाल्या, मी तिथं आखडून पोचले तर तिनं बाळ बघायचं की मला?

मुलीला फोन करायला एसटीडी बूथपर्यंत मीच त्यांना धरून नेलं. काका आले नाहीत. मासींनी सांगितलं, गाडी अजून तयार नाही, तू घाबरू नकोस, शेजारणीला सांगून ठेव. पलीकडून मुलगी रडत असावी, कारण मासी बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "खोलीत शेगडी आहे ना? रात्री खिडकी थोडी उघडी ठेव हं." रिसीव्हर त्यांनी माझ्या हातात दिला. तो मी जागेवर ठेवला.