टिचकीकाकांनी निवडलेली सफरचंदं

फळवाल्या काकांना टिचकीकाका हे नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याने अचूक पाडलं होतं. सफरचंद डाव्या हातात घ्यायचं, देठ वर धरायचा, गिऱ्हाइकाच्या कानाजवळ न्यायचं आणि मधल्या बोटाने एक टिचकी मारायची. मग भुवया उंचावून विचारायचं, "ऐकलंत?" फळ घट्ट असेल तर आवाज खणखणीत यायचा. आतून भुसा व्हायला लागलेलं असेल तर बद्द. एवढंच शास्त्र, पण काकांनी ते तीस वर्षं असं काही मिरवलं होतं की शेजारपाजारचे लोक दोन फळं घ्यायची असली तरी कान पुढे करून उभे राहायचे.

दुकान कसलं, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावरची एक अरुंद खोली. पुढे उतरत्या फळ्या, त्यांवर खोकी, मागे एक स्टूल. स्टुलावर काका क्वचितच बसायचे. एखादी बाई चुकीच्या खोक्याकडे हात नेताना दिसली की हे टुणकन उठणार. "कशासाठी हवीत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कच्ची खायला वेगळी, आजाऱ्याला वाफवून द्यायला वेगळी, केकला तर फारच वेगळी. "केकला आंबटसर आणि घट्ट फळ. गोड, मऊ फळ ओव्हनमध्ये गेलं की पाणी सोडतं. वरून केक भाजतो आणि मध्ये चिखल." हे त्यांनी आजवर शंभर जणींना सांगितलं असेल, आणि सांगताना आपण फळं विकत नसून विद्यादान करतो आहोत, असा भाव चेहऱ्यावर असायचा. न विचारता दिलेला सल्ला लोकांना आवडत नाही म्हणतात. काकांचा आवडायचा, कारण तो खरा निघायचा.

मग समोर काचेच्या दारांचं मोठं दुकान आलं. गार हवा, पांढरे दिवे, एकेक फळ पुसून मांडलेलं. काका त्यांना नुसतं 'काचवाले' म्हणत. त्यांच्याकडे माल चांगला असे, हे काकांना ठाऊक होतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ कापून दिली असती.

गिऱ्हाइकांमध्ये एक ताई होत्या. इस्पितळाच्या कँटीनमध्ये भांडी घासायच्या, अकरा वर्षं. हातांची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली, आणि बोलणं जरा मोठ्या आवाजात, कारण दिवसभर ताटल्यांच्या खडखडाटात उभं राहून तशी सवयच लागली होती. दर शनिवारी यायच्या, चार फळं घ्यायच्या, काकांच्या टिचकीला मनापासून कान द्यायच्या.

त्या शनिवारी मात्र त्या लगबगीने आल्या. चेहरा फुललेला.

"काका, आज केकसाठी हवीत. नीट निवडून द्या. मोठ्या बाईंनी परीक्षा घ्यायची ठरवलीय माझी."

मोठ्या बाई म्हणजे कँटीनच्या मुख्य आचारी. केक-बिस्किटांच्या भट्टीवर काम करणारी बाई गाव सोडून चालली होती. तिच्या जागी बाहेरचं माणूस घ्यायचं की आपल्यातलंच, असा विचार चालला होता, आणि ताईंनी धीर करून सांगितलं होतं की मला केक येतो. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "सोमवारी सफरचंदाचा करून आण. खाऊन ठरवते."

"म्हणजे मोरीतून सुटका," ताई म्हणाल्या. "हातांना कोरडं राहायला मिळेल, काका."

काकांनी मान डोलावली आणि खोक्यांकडे वळले. वळतानाच त्यांच्या लक्षात आलं, हिरवी आंबट सफरचंदं सकाळीच संपली होती. होती ती लाल, शीतगृहात नको तितके दिवस राहिलेली. वरून सुंदर. आत काय आहे ते काकांना न चिरता ठाऊक होतं.

आता त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, "ताई, आज माझ्याकडे नाहीत, समोर मिळतील." आठ शब्दसुद्धा नाहीत. पण समोर म्हणजे काचवाले. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक फळं घेतात, त्याने आपल्या हाताने गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पाठवायचं? पैशांचा प्रश्न नव्हता, सहा फळांत कोणाचे इमले उठत नाहीत. नाकाचा प्रश्न होता. माणसाचं नाक किती लांब असतं ते अशा वेळी कळतं.

त्यांनी एक लाल फळ उचललं, ताईंच्या कानाशी नेलं आणि टिचकी मारली. आवाज बद्द आला. काकांनी भुवया उंचावल्या.

"ऐकलंत? खणखणीत. केकला हीच न्या."

ताईंनी मान किंचित तिरकी केली, काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं." सहा सफरचंदं पिशवीत गेली.

रविवारभर काकांनी स्वतःची समजूत घातली. दालचिनी जास्त घातली की काही कळत नाही. साखरेत आधी मुरवली तर पाणी निघून जातं. मोठ्या बाईंना तरी एवढं काय कळतंय. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे विकणाऱ्यालाच खवखवत होतं.

मंगळवारी ताई आल्या. शनिवार नसताना आल्या, तेव्हाच काका काय ते समजले.

"बसला केक," त्या म्हणाल्या. "वरून छान दिसत होता. सुरी घातली तर मध्ये नुसता लगदा. मोठ्या बाईंनी एक घास खाल्ला आणि ताटली बाजूला ठेवली. बाकीच्या बघत होत्या सगळ्या."

काकांनी तोंड उघडलं. सांगायची वेळ हीच होती. पण ताईंनीच पुढे म्हटलं, "माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही फळं तर चांगली दिली होती."

आणि काका म्हणाले, "ओव्हन जास्त तापला असेल."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. पहिलं खोटं नाकापायी होतं, हे दुसरं निव्वळ भित्रेपणाचं. ताईंनी ते खरं मानलं. "असेल," म्हणाल्या आणि कामावर परतल्या.

त्या संध्याकाळी काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, उरलेलं खोकं घरी आणून चिरायला घेतलं. दोन फळं चिरली आणि तिसरं हातात धरून विचारलं, "अहो, ही कोणाला विकली नाहीत ना?"

काका खोक्यातल्या कागदांच्या घड्या घालायला लागले. तीस वर्षांच्या संसारात बायकोला असल्या घड्यांचाही अर्थ कळतो. काकूंनी हळूहळू सगळं काढून घेतलं, आणि सगळं ऐकल्यावर आवाज न चढवता म्हणाल्या, "जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची होतीत. उद्या जाऊन सांगून या."

"उद्या जातो," काका म्हणाले.

उद्या माल यायचा होता. परवा पाठ धरली. त्यानंतर शनिवार आला, आता त्या येतीलच इकडे, तेव्हा सांगू, म्हणून काका थांबले. आणि ताई खरंच रस्त्याच्या वळणावर दिसल्या, तेव्हा हा साठीचा माणूस रिकाम्या खोक्यांमागे वाकून कागद गोळा करायला लागला. ताई दोन मिनिटं पुढे उभ्या राहिल्या, "काका आहेत का?" असं एकदा विचारलं आणि निघून गेल्या. काकांना चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला. तसेच वाकलेले असताना त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की उठावंसंच वाटेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना कागद गोळा करता करता समजलं.

त्यानंतर त्यांची टिचकीच गेली. गिऱ्हाइकं कान पुढे करायची आणि काका म्हणायचे, "चांगलंय, घ्या." एका बाईने हसून विचारलं, "काका, बोट दुखतंय का?" तर ते नुसते हो म्हणाले. घरी काकू काही बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, आणि जेवण होईपर्यंत समोर बसून राहायच्या. त्यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अखेर तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून काका इस्पितळाच्या मागच्या दाराशी गेले. आत वाफ कोंदलेली. पत्र्याच्या तीन मोठ्या मोऱ्या, ताटल्यांचे ढीग, गरम पाण्याचा नळ धो धो वाहणारा. ताई रबरी एप्रन घालून मधल्या मोरीशी उभ्या होत्या. काका त्यांच्याजवळ गेले आणि वाटेत पाठ केलेलं हळू आवाजात बोलले.

"काय म्हणालात?" ताईंनी विचारलं. त्या खडखडाटात काही ऐकू जाणंच शक्य नव्हतं.

काका पुन्हा बोलले. पुन्हा ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांना ते ओरडूनच सांगावं लागलं.

"सफरचंदं वाईट होती. मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

दोन्ही बाजूंच्या मोऱ्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या. ताईंनी नळ बंद केला.

"वाईट म्हणजे? आवाज बद्दच होता?"

"बद्दच होता."

काका शिव्या खायच्या तयारीने आले होते. पण ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी एप्रनला हात पुसले आणि चक्क हसल्या.

"मला बद्दच ऐकू आला होता, काका. तुम्ही खणखणीत म्हणालात, तेव्हा मला वाटलं, अकरा वर्षं या आवाजात उभी आहे, माझे कान गेले. घरी जाऊन एक फोड खाऊनही बघितली, पिठासारखी लागली. म्हटलं, काका चुकायचे नाहीत, माझी जीभही गेली असेल. म्हणजे माझं सगळं ठीक आहे तर." आणि शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का, माझे कान चांगले आहेत."

ताईंचा तो आनंद बघून काकांना कुठे तोंड लपवावं ते कळेना. काहीतरी करायला हवं म्हणून ते घाईने म्हणाले, "मी आत्ता जाऊन मोठ्या बाईंना सांगतो. चूक माझी होती, ताईंना आणखी एक संधी द्या, असं पाया पडून सांगतो."

ताईंचं हसू हळूहळू उतरलं.

"दिली होती त्यांनी," त्या म्हणाल्या. "केक बसला त्याच आठवड्यात, शनिवारी. म्हणाल्या, एक केक बसला म्हणून काय झालं, सोमवारी पुन्हा आण. फळं घ्यायला आले होते मी तुमच्याकडे, पण तुम्ही नव्हतात. मग मोठ्या बाईंना मीच नाही म्हटलं. जिला चांगलं फळ ओळखता येत नाही, तिने आजारी माणसांना करून घालू नये, असं सांगून टाकलं."

आतल्या झुलत्या दाराच्या फटीतून भट्टीचं टेबल दिसत होतं. तिथे एक नवी बाई उभी राहून पीठ चाळत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलेलं ताईंनी पाहिलं.

"गेल्या आठवड्यात आल्यात," त्या म्हणाल्या. "चांगल्या आहेत स्वभावाने."

काकांना म्हणायचं होतं की मी नव्हतो असं नाही, मी होतो, खोक्यांमागे होतो. तेवढं एक सांगायचं राहिलं होतं आणि तेवढंच त्यांच्याने सांगवेना. ते तिथेच उभे राहिले. ताईंनी पुढची ताटली उचलली आणि नळ सोडला.

"जरा मागे सरका, काका," त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "पाणी फार गरम आहे, अंगावर उडेल."