अर्धा तास ताण आणि टपावरची पिशवी

माझा चुलतभाऊ ज्ञानोबादादा, त्याचं कार्ड भिवंडीला आलं : "राणीसावरगावात गंगाखेडवाल्यांशी कबड्डी हाय. कोपरा तूच धरायचा. ढिला पडलास तर जागा दुसऱ्याला." कारखान्यातल्या मागावरून तसाच उठलो.

कुणाला जायचं असेल तर मनमाडला उतरावं, तिथून छोट्या रुळाची गाडी परभणीला. खिडकीशी बसाल तर कोळशाचे कण डोळ्यात. पुढं एसटीनं गंगाखेड. स्टँडवरची मिरचीभजी स्वस्त आणि जहाल. पाणी आधी भरून घ्यावं. राणीसावरगावच्या रस्त्यावर जागा मिळाली तरी अर्धा वेळ माणूस हवेतच असतो.

मी तर उभाच होतो, एक पाय सीटच्या दांडीवर. आमच्या कारखान्यातल्या सलीमभाई पहिलवानानं सांगितलेलं, खेळाआधी पाय ताणून अर्धा तास धरला की दुखापत होत नाही.

"पाय काढ की रं, लुगड्याला लागायलाय," शेजारची म्हातारी म्हणाली.

"मावशी, कबड्डी हाय."

"मंग मैदानात ठेव जा!"

मैदानातही ताणतच बसलो. दादा आणि बाकीचे पळत होते, उड्या मारत होते. मला हसू आलं.

गंगाखेडचा लंबू चढाईला आला. पाय मागं घ्यायचा हे डोळ्यांना कळलं, पायाला उशिरा. तो शिवून गेलासुद्धा. मध्यांतरापर्यंत मी तीनदा बाद. दुखापत टळायची राहिली बाजूला, पोटरीत गोळा आला.

"पाय हायत का उकडलेल्या शेंगा?" दादा ओरडला.

तेवढ्यात आमचीच एसटी परत निघालेली दिसली. माझी पिशवी टपावर! ताणायच्या नादात राहिली होती. पहिली दहा पावलं लंगडलो, मग शेळ्या उडवत सुसाट. "मास्तर, थांबवा!" वेशीपल्याड गाडी गाठली.

कंडक्टर म्हणाला, "लय पळतूस की! खेळत का न्हाईस?"

पिशवी घेऊन पळतच परतलो. लंबू आला, त्यानं पाय टाकला आणि माझा हात त्याच्या घोट्यावर. हात कधी गेला ते मलाही कळलं नाही. पुन्हा आला, पुन्हा धरला. तरी सामना दोन गुणांनी हरलो. दादा नुसता पिशवीकडं बघत राहिला.

भिवंडीत आता रोज सरावाआधी कारखान्याभोवती फेऱ्या मारतो, उड्या मारतो. सलीमभाई विचारतो, "क्या रे, कुत्ता पीछे लगा क्या?"

जागा गेली असंच धरून चाललो होतो. परवा दादाचं कार्ड आलं : "पुढच्या सामन्याला ये. पिशवी टपावरच ठिव."