दशम्यांची पिशवी आणि थाई जेवण

अंबडच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोन दिवसांपुरत्या दशम्या (दुधात मळलेल्या पिठाच्या भाकरी) होत्या. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या लेकीच्या, सुनंदाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, लेकरू नाही. रीत मोडू नका, असं बजावून तिच्या आईनंच पिशवी बांधून दिली होती.

नगरच्या अलीकडं टायर बसलं. बाभळीखाली उभ्या उभ्याच एक दशमी संपवली.

पुण्यात सुनंदा स्टँडवर हजर. जावई कामाच्या पाळीवर गेल्ते. पिशवी दिसताच पोरीचं तोंड उतरलं. मग म्हणाली, "माझ्या घरचं चालत न्हाई ना? मंग हॉटेलात चला. ते तर कोणाच्याच घरचं न्हाई."

आता बोला! पिशवी काखोटीला मारून निघालो.

हॉटेल थाई, म्हणजे थायलंडच्या जेवणाचं. गल्लीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. भिंतीवर नावेत बसून भाजी विकणाऱ्या बायांचं चित्र. सगळी कॉलेजची पोरं. म्हटलं, म्हणजे स्वस्त असणार. वाढणारी मुलगी मणिपूरची. तिची हिंदी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळं आमचं छान जमलं. हे काय, ते काय, मी विचारीत सुटलो. रश्श्यात एक काडी निघाली. हुंगून बघतो तर गवती चहा! आमच्या विहिरीवर मोप उगवतो, पण कालवणात घालायचं कोणाला सुचलं नाही. नारळाच्या दुधातलं हिरवं कालवण आधी गोड लागलं. पोरासोरांचं जेवण दिसतंय, असं म्हणतोय तोवर मिरचीनं कान धरला.

मग सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) आली. पपईचा कीस, शेंगदाणे, लिंबू, लसूण, मिरच्या, सगळं खलबत्त्यात ठेचलेलं. आमच्या ठेच्याची सख्खी बहीणच म्हणा ना! सुनंदा लहानपणापासून ठेचा नुसता खाणारी. पण तिनं सगळी कोशिंबीर माझ्याच ताटात लोटली. तू का घेईना, असं विचारलं तर पाण्याचा पेला फिरवत बसली.

"पपई सोडली, अण्णा. लग्न झाल्यापासून. न जाणो."

पोटुशी बाईनं कच्ची पपई खाऊ नये, हे आमच्याकडं कोणालाही ठाऊक. पण हिला तर अजून काहीच नव्हतं. नुसत्या आशेवर पोरगी पपई टाळून राह्यली होती, आणि तिच्या समोर माझी ही पिशवी. गवती चहा, नारळ, सगळ्याची चवच गेली.

बाहेर आल्यावर पिशवी तिच्या हातात दिली.

"या दशम्या तू खा. सकाळी मला गरम भाकरी कर."

"आई काय म्हणल?"

"तिचं मी बघतो."

सकाळी तिनं बेसन (पिठलं) आणि बाजरीची भाकरी केली. पहिली भाकरी करपली. तीच मी आधी मागून घेतली. पोट भरलं तरी ती वाढत राह्यली आणि मी खात राह्यलो.

परतीच्या गाडीत मांडीवर रिकामी पिशवी होती. वाटत होतं, पुण्याला इतक्यांदा जाऊन आलो, पण लेकीकडं पहिल्यांदाच गेल्तो.

घरी आल्या आल्या तिच्या आईनं पिशवी झटकली. दशम्या पुरल्या का, म्हणून विचारलं. सांगून टाकलं, लेकीच्या घरी जेवलो. आता कडाडणार म्हणून मी खाटेवर टेकलो. ती चूल फुंकत बसली. डोळे पुसले, ते धुरानं असतील.

मग तिकडंच तोंड ठेवून म्हणाली, "तिच्या बेसनात मीठ बराबर होतं का?"

"बिलकुल तुझ्यासारखं," मी म्हणालो.