शेठचा तराजू

"बघा तर खरं, घेऊ नका," असं म्हणत आमचे मॅनेजर पिशवीचा कोपरा कापायचे आणि मूठभर तूरडाळ तळहातावर घेऊन गिऱ्हाइकापुढे धरायचे. विकणारा माणूसच घेऊ नका म्हणतो, हे सातपूरला नवीन होतं. बाई हसायची, एक दाणा दाताखाली धरायची आणि बहुतेक वेळा डाळ घेऊन जायची.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या ग्राहक भांडाराच्या नाशकात चार-पाच शाखा होत्या, कचेरी शहरातल्याच द्वारका भागात. माल किलोच्या बंद पिशव्यांत, भाव बाजारापेक्षा कमी. मी सातपूरच्या शाखेत गल्ल्यावर होतो. आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी, आणि त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे.

समोर एका शेठचं किराणा दुकान. दुपारी मॅनेजर आणि शेठ दुकानाच्या बाकावर चहा प्यायचे.

"काय साहेब, आज आमची किती गिऱ्हाइकं पळवली?"

"मला तर कमीच वाटतात, शेठ."

मग सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्याला टाळं लागलं. आमच्याकडे पिशव्या पडून राहायला लागल्या. एक बाई रोज यायची, पिशवी उचलून परत ठेवायची. "डाळ लय चांगली हाय साहेब, पण किलोभर कशी घेऊ? मालक घरी बसलेत. शेठ पावशेर देतात." आम्हाला सुटं विकायची मनाई. तराजूच नव्हता. आणि विक्री वाढली नाही तर शाखा बंद करू, असं कचेरीनं बजावलेलं.

मॅनेजर रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी शेठकडे जुना तराजू मागितला. चार बायकांनी मिळून एक पिशवी घ्यायची आणि आमच्या पायरीवर वाटून न्यायची, असा त्यांचा बेत.

"माझ्याच तराजूनं माझी गिऱ्हाइकं नेणार?"

"नेणार तर खरं. देताय का?"

शेठनं तराजू काढून दिला. "पावशेराचं वजन मात्र नवं न्या. जुनं झिजलंय."

"मग आजवर कुठलं वापरत होता?"

"चहा घ्या, साहेब."

आमची पायरी गजबजली. "तुझ्यात दोन दाणे जास्त गेले गं." "मोजत बस, तेवढाच वेळ जाईल." मॅनेजर दारात उभे राहून ऐकत. लग्नघरात यजमान उभा असतो ना, तसे.

एक दिवस कचेरीतले साहेब आले. "सुटी विक्री सुरू केलीत?"

"नाही साहेब. आम्ही बंद पिशवीच विकतो. पुढचं बायका बघतात."

"आणि हा तराजू?"

"समोरच्या दुकानाचा."

साहेबांनी विक्रीची वही मागवली. नियम मोडला नव्हता, पण विक्रीही पुरेशी नव्हती. कारखान्याचं टाळं निघालं नाही, कामगार गावाकडे जायला लागले आणि शाखा बंद झाली.

शेवटच्या दिवशी मॅनेजरांनी पारडी धुतली, रुमालानं पुसली आणि तराजू परत नेला.

"ठेवा की अजून थोडे दिवस," शेठ म्हणाले.

"दुकानच नाही शेठ. ठेवू कुठं?"

मॅनेजर विंचूरकडे आपल्या गावी गेले. पुढे ते वारल्याचं कळलं.

त्यानंतर मी एकदा शेठकडे डाळ घ्यायला गेलो. म्हातारे झाले होते. त्यांनी पोत्यात हात घातला आणि मूठभर डाळ तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली. याआधी त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बघा तर खरं," ते म्हणाले. समोर आमच्या जागी आता सायकलचं दुकान होतं, तिकडे त्यांनी मानेनं खूण केली. "पुढचं म्हणायला तुमच्या मॅनेजरांनाच जमायचं."