रडायच्या आधी मी गळा तापवला

धुळं मागे पडलं आणि मी गाडीत ओठ फुरफुरवायला लागले. लहान मूल पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढतं ना, तसा आवाज येतो त्याचा. स्टेजवर जायच्या आधी आम्ही गळा असाच तापवतो. ड्रायव्हरनं दोनदा आरशातून बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, मळमळतंय का? गाडी बाजूला घेऊ?" नाही म्हटलं. त्याला काय कप्पाळ सांगणार? मी माहेरी रडायला चालले होते आणि रडायच्या आधी गळा तापवत होते. का, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

आमच्या गावात रीत आहे. आई गेल्यावर लेक पहिल्यांदा घरी येते ती गल्लीच्या तोंडापासून रडत येते. नुसता रुमाल डोळ्याला लावून भागत नाही. मोठ्यानं रडायचं, बोलून रडायचं, गेलेल्या माणसाला हाका मारत. तो आवाज ऐकून घरातल्या, शेजारच्या बाया बाहेर येतात, तिला कवटाळतात, आपापला सूर त्यात घालतात, आणि मग सगळ्या मिळून उंबरा ओलांडतात. आई थंडीत गेली, तेव्हा तिकीट मिळत नाही असं मी फोनवर सांगितलं होतं. मी आले तेव्हा ऊन भाजून काढत होतं. अक्कानं फोनवर आमच्या अहिराणीत एवढंच सांगितलं होतं, "वाटमा सोनगीर उनं का फोन कर. मी बाया गोळा करस."

अक्का म्हणजे माझी आत्या. नाना, म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर आई-नाना गावी राहायला आले, तिथे विधवा अक्का आधीपासून होतीच. आई आणि अक्का वीस वर्षं एका चुलीवर भांडल्या. एकीनं मीठ टाकलं की दुसरी पुन्हा टाकायची. पण आईला शेवटी उचलून न्हाऊ घालणारी अक्काच होती. मी नव्हते.

मी ऑपेरात गाते. जर्मनीतल्या एका मध्यम गावच्या नाट्यगृहात, एकोणीस वर्षं झाली. सोप्रानो आहे, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यांत वरचा. समोर साठ वाद्यं वाजतात आणि त्यांच्यावरून माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायला लागतो, माईकशिवाय. हे सगळं सुरू झालं भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. शेजारी एक म्हाताऱ्या मिस पियानो शिकवायच्या. पियानोच्या बारा पट्ट्या मुक्या होत्या, त्या आल्या की मिस तोंडानं सूर म्हणायच्या आणि माझ्याकडून म्हणून घ्यायच्या. तिथून पुणे, तिथून परदेश. आईला यातलं काही कळायचं नाही, पण कौतुक होतं. एकदा मी फोनवर गाऊन दाखवलं तर म्हणाली, "एवढं ओरडून पोट नाही का गं दुखत?" दुखतं, आई. पोटातूनच गातो आम्ही.

बहुतेक वर्षं मी कोरसमध्येच उभी होते. मोलकरीण, जोगीण, गर्दीतली तिसरी बाई. पहिली मोठी भूमिका मिळाली ती याच थंडीत. शेवटच्या अंकात मी मरते. वीस मिनिटं लागतात मरायला, आणि सगळा वेळ गात राहायचं. गावी हे सांगितलं तर लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाला एवढा दम कुठून गं? बरोबरच आहे त्यांचं.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिथे गाडी थांबवली. गिरणीचा खडखडाट चालू होता, दारात दोघी डबे घेऊन उभ्या होत्या. पुढे वीस पावलांवर घर, आणि ओट्यावर पदर सावरून बसलेल्या बाया. त्या माझ्या आवाजाची वाट बघत होत्या. रडू येत नव्हतं. विमानात आलं नव्हतं, मुंबईत आलं नव्हतं, आता तरी येईल म्हणून इथवर आले होते. मग शरीरानं एकोणीस वर्षांची सवय केली. खांदे खाली आले, बरगड्या उघडल्या, श्वास तळापर्यंत गेला, आणि मी "माय" म्हटलं.

काय सांगू! तो सूर इतका स्वच्छ लागला, की मला आधी बरं वाटलं. देवा, बरं वाटलं मला. "माय वं, मी उनी," असं म्हणत मी पुढे निघाले आणि सूर वर चढत गेला, कुठे चीर नाही, कुठे थरथर नाही. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. डबेवाल्या दोघी वळल्या. ओट्यावरच्या बाया उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच थांबल्या. एकीनंही आपला आवाज मिसळला नाही. कुणी गळ्यात पडलं नाही. त्या ऐकत होत्या! एकीनं तर मोबाईल वर धरला. मी एकटी त्या गल्लीतून रडत, गात, काय ते करत चालले होते, आणि माझ्या आईच्या दारात मैफल बसली होती.

अक्का उंबऱ्यात होती. ती जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "माय, तू रडी राहिनी का गाई राहिनी?"

रडतेय म्हणावं तर डोळे कोरडे. गातेय म्हणावं तर मग मी इथे कशाला आले? अक्का वळून आत गेली. मागून एक बाई म्हणाली, "काय आवाज शे वं!" दुसरी म्हणाली, हिला टीव्हीवर घ्यायला पाहिजे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

चहा आला तो सोनेरी काठाच्या कपबशीत. ती कपबशी पाहुण्यांची. माझा स्टीलचा पेला फडताळात दिसत होता. चार दिवस ती कपबशीच येत राहिली. "जेवायला बसा," अक्का मला म्हणायची. मला! ज्या बाईनं माझ्या पाठीत रट्टे घातलेत ती मला अहो-जाहो करत होती. नाना खाटेवर बसून रेडिओचं बटण फिरवायचे, एकही स्टेशन ऐकायचे नाहीत. रविवारी माझं परतीचं विमान होतं. तोवर अक्कानं मला जवळ घेतलं नाही, तर पुढच्या वेळी मी या घरात पाहुणी म्हणूनच येणार, हे मला पक्कं कळत होतं. त्यासाठी करायचं काय, तेवढंच कळत नव्हतं. एका दुपारी मागच्या खोलीत बसून मी मुद्दाम रडायचा प्रयत्नही केला. आईची चोळी तोंडाला लावली. नाक चोंदलं, बस्स. बाई गं, हा काय प्रकार म्हणायचा?

शनिवारी सकाळी अक्का गच्चीवर बिबडे घालत होती. ज्वारीच्या पिठाचा घाटा ओल्या कापडावर हातानं पातळ थापायचा, उन्हात वाळवायचा. आमच्याकडे दर उन्हाळ्याला घरोघरी हेच चालतं. हे काम दोघींचं आहे. एकीनं थापायचं, दुसरीनं कापड ताणून धरायचं. यंदा अक्कानं कापडाच्या एका टोकावर वीट ठेवली होती. थापलं की वीट सरकायची, कापडाला सुरकुती पडायची, बिबडा फाटायचा. तिसरा फाटला तेव्हा मी वीट बाजूला केली आणि टोक धरून बसले. तिनं पुढचा बिबडा थापायला घेतला.

पाच-सहा थापून झाल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "अक्का, मी खोटं सांगितलं. तिकीट मिळत होतं."

तिचा हात थांबला.

"आई गेली त्या दुपारी नानांचा फोन आला. संध्याकाळी माझा खेळ होता. माझ्या जागी गायला दुसरी बाई नव्हती, आणि खरं सांगू का, असती तरी मी दिलं नसतं तिला. एकोणीस वर्षांनी मिळालं होतं गं. मी गेले आणि गायले. त्या दिवशी, आणि नंतर सगळे खेळ संपेपर्यंत."

"काय गायनं?"

"एक बाई मरते, ते."

"कोन बाई?"

"कुणी नाही. खोटी."

अक्कानं हाताला लागलेला घाटा पातेल्याच्या काठाला पुसला. मला वाटलं आता उठेल, मला खाली हाकलेल. तसं केलं असतं तर बरंच झालं असतं, निदान काहीतरी झालं असतं. पण ती म्हणाली, "मंग, रडनी का नही त्या दिन?"

"रडलं की गळा बंद होतो, अक्का. सूर लागत नाही. आम्हाला पहिल्यापासून तेच शिकवतात. लोकांना रडवायचं, आपण रडायचं नाही. मला आता येतच नाही. मी काय करू? मला खरंच..."

'येत नाही' म्हणायचं होतं पुन्हा. ते अर्ध्यात अडकलं. घशात काहीतरी कचकन मोडलं आणि जो आवाज बाहेर आला तो मी जन्मात काढला नव्हता. फाटका, घोगरा, मध्येच बंद पडणारा, श्वास कुठे घेतेय त्याचा पत्ता नाही. नाकातोंडातून पाणी. "आई" म्हणायला गेले तर नुसती हवा आली. घाबरले मी, गळा गेला म्हणून हात गळ्याकडे गेला. तो अक्कानं धरला, घाट्यानं माखलेल्या हातानं, आणि मला ओढून छातीशी घेतलं.

"हां," ती म्हणाली. "आते रडनी."

आणि तिनं सूर लावला. जाड, बेसूर, कुठल्याही पट्टीत न बसणारा. "मन्ही भावजयी वं," म्हणत ती माझ्यावर डोलू लागली, आणि मी तिच्या सुराखाली, सुरावर, जसा येईल तसा माझा आवाज घालत राहिले. कापड हातातून सुटलं होतं. खाली गिरणी चालू होती. कुणी ती बंद केली नाही.