जनाकाकीचा पांढरा डाग

जनाकाकीला "तोंड उघडा" असं मला कधी म्हणावं लागलं नाही. कोंडाणे गावात तिच्या अंगणात मी स्कूटी लावायचा अवकाश, की ही पायरीवर बसून, डोळे मिटून, आ वासून तयार. पहिल्या भेटीत तर मी तिचं नावही विचारलं नव्हतं. "आदी आत बग," ती म्हणाली होती, "नाव काय, नंतर बी तेच ऱ्हातंय."

मी दातांची डॉक्टर, राहणारी भिसेगावची. तंबाखूमुळे तोंडात काय काय होतं, यावरच्या एका संशोधनात कर्जतकडची गावं माझ्या वाट्याला आली होती. घरोघर जायचं, बॅटरीने तोंड तपासायचं, फॉर्म भरायचा. ज्याच्या तोंडात पांढरा डाग सापडेल त्याचं नाव यादीत, आणि दर तीन महिन्यांनी त्याची फेरतपासणी. असे डाग काही तसेच राहतात, काही विरतात, काहींचा पुढे कॅन्सर होतो. कुठला डाग कुठल्या वाटेने जातो, ते आम्ही बघत होतो.

काकीच्या डाव्या गालात असा डाग होता. कारण तिच्या चुलीवरच होतं, मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि बोटाने दातांना घासत बसायचं. काकीच्या हातची मशेरी गावात नावाजलेली. सकाळी तिच्या तव्याचा वास सुटला की आळीतल्या चार-पाच बायका गोळा व्हायच्या आणि गालात बोट घालून तासभर बसायच्या. सुना, गुडघे, फार्महाऊसवाल्यांची कुत्री, सगळ्यांचा समाचार तिथे घेतला जायचा. काकीचा नवरा कधीच गेलेला, मुलगा संसार घेऊन डोंबिवलीला. पण फॉर्ममधला 'घरात माणसं किती' हा प्रश्न आला की काकी ठणकावून सांगायची, "चार लिव."

"काकी, इथे राहणारी सांगा."

"मग सकाळची येऊन बग," ती हसली, "बसाया जागा पुरत नाय."

मी तिच्या मागेच लागले. घाबरवलं, चिडवलं, लाडीगोडी लावली. शेवटी एक दिवस तिने मशेरीचा डबा माझ्यादेखत उकिरड्यावर उपडा केला आणि हात झटकले. "घे. तुज्यासाटी सोडली. आता तू यायची चुकू नको."

मी एकही फेरी चुकवली नाही. तिचा डाग दर खेपेला फिका पडत गेला आणि मी आपलीच पाठ थोपटून घेत राहिले. तवा थंड झाला तशा त्या बायका यायच्या थांबल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसू लागल्या. मला ते दिसत होतं, पण मी त्याचा फार विचार केला नाही.

लागोपाठ दोन तपासण्यांत तोंड स्वच्छ निघालं की नाव यादीतून कमी करायचं, असा आमचा नियम. तो दिवस आला तेव्हा मी पेढे वाटायच्या थाटात म्हटलं, "काकी, बऱ्या झालात! आता मला यायला नको."

"नको म्हंजी?"

"नाव काढलं तुमचं."

तिने पदराने तोंड पुसलं. "बरं," एवढंच म्हणाली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे रोग सरला आणि वैद्यानेच पळ काढला.

सहा-सात महिन्यांनी जवळच्या वाडीवर काम निघालं, म्हणून सहज तिच्याकडे वळले. अंगणाच्या तोंडाशीच वास आला. काकी एकटीच बसली होती, बोट गालात. मला बघून लगबगीने उठली, चूळ भरली, पायरीवर बसली आणि आ केला. "बग, बग. आला का डाग?"

आला होता. फिकट, पण आला होता. माझं डोकंच फिरलं. "काकी, मरायचंय का तुम्हाला?"

"वरडू नको गं," ती शांतपणे म्हणाली. "तुज्या कागदात बऱ्या मानसाला जागा नाय. मग मी काय करायचं?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "यादी गेली खड्ड्यात. तुम्ही सोडा, मी दर महिन्याला येते."

"काय काम सांगशील?"

"काम काही नाही. चहा प्यायला."

तिला ते पटलं नाही. "च्या पी. पन तोंड बी बगत जा. नायतर लोक इचारतील, ही कशाला येते?"

मग चार-पाच महिने मी गेले. आधी तोंड, मग चहा. फॉर्म नसला तरी तिला प्रश्न हवे असायचे. "इचार ना काय तरी," म्हणायची. मी विचारायचे, काल काय जेवलात, कुणाशी बोललात. "कोंबडीशी," ती सांगायची, "पन ती आयकून घेत नाय." डाग पुन्हा विरला. आम्ही दोघी खूश होतो, आणि मला ती मनापासून आवडायला लागली होती.

पुढे आमचं काम खालापूरकडे सरकलं. पुढच्या महिन्यात नक्की जाऊ, असं मी दर महिन्याला ठरवत गेले. खोटं कशाला बोलू, खालापूर काही परदेशात नाही. स्कूटीला लागणारा वेळ मला ठाऊक होता. तरी वर्ष गेलं.

एक दिवस कर्जतच्या बाजारात काकीची शेजारीण सखूबाई भेटली. "काकी गेली की वो, म्हैना झाला," ती म्हणाली. "तापाचं निमित्त. पोरगा आला, पन नंतर."

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तोंडून निघालं ते हे, आणि त्याची मला आजही लाज वाटते. "मशेरी लावत होत्या का?"

"नाय वो, डाक्टरीणबाई. शेवटाला आमीच जाऊन म्हनायचो, लाव चिमूटभर, आता काय ऱ्हायलंय. आमच्यात बसशील तरी. तर म्हनायची, नको. ती पोरगी यायची हाय, तोंड बगंल."

मी त्या दिवसांत खालापूरच्या गावांत होते. रोज तीस-चाळीस तोंडं बघत होते.