दस्तगीरची अमेरिका

अमृताचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजच्या एसटीत बसलो होतो. भाचीचा साखरपुडा होता. मांडीवर पेढ्यांचा पुडा, शेजारच्या पावण्याचं डोकं माझ्या खांद्यावर. "सर, दस्तगीरकाका गेले," ती म्हणाली. गाडीच्या खडखडाटात आपल्याला नीट ऐकू आलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तिला ते पुन्हा बोलायला लावलं. सकाळी नाश्ता करून तो खुर्चीत बसला, छातीवर हात ठेवला आणि रुक्सानाभाभी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी कागलला उतरलो, रस्ता ओलांडला आणि मिळेल त्या गाडीनं परत कोल्हापूरला आलो. दुपारच्या असरच्या नमाजानंतर माती दिली. मूठ भरून घेतली तर माती तांबडी, बारीक, ओलसर... दस्तगीर शेजारी असता तर लगेच म्हणाला असता, "मास्तर, ह्यात गेरू जरा जास्त झालाय."

आता त्याचा चाळिसावाही झाला. पेपरात त्याच्याबद्दल कुठं काही आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. पण त्यानं रंगवलेल्या गावांतून या घडीला जगात कुठं कुठं माणसं घोड्यावरनं हिंडत असतील आणि त्यांना तो कोण हे ठाऊक नसेल, हे मनातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची ओळख कलाविद्यालयातली. मी गडहिंग्लजचा, इथं खोली घेऊन राहिलेला. तो कुरुंदवाडचा, रोज एसटीनं येऊन जाऊन. त्याच्या अब्बांचं गावात राहत्या घरातच शिवणकामाचं दुकान होतं. मी प्रत्येक रेघ पट्टीनं मारायचो म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं माझं नाव 'मास्तर' ठेवलं. मी खरोखरचा ड्रॉइंग मास्तर झालो तो नंतर, आणि कधीकधी वाटतं त्याच्यामुळंच झालो. त्याचं मन मात्र वर्गात रमलं नाही. टॉकीजचे बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली तो गेला आणि डिप्लोमा राहिला तो राहिलाच. मी समजावायला गेलो तर म्हणाला, "कागद लय बारका असतोय, मास्तर. नाक कसं माणसाएवढं पायजे." आणि खरंच, पुढची वीस-बावीस वर्षं तो माणसाएवढी नाकं काढत राहिला. बांबूच्या परांचीवर चढून एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात वडा, आणि खालून जाणाऱ्या बाया ओरडायच्या, "ओ पेंटर, तिचा डोळा जरा मोठा करा की!" तो करायचा. पब्लिकचं ऐकायचं असतं, म्हणायचा.

मग फ्लेक्स आले. त्यावर गळा काढताना मी त्याला कधी पाहिलं नाही. बॅनर गेले तेव्हा त्यानं नंबरप्लेट रंगवायचं दुकान टाकलं. मग नंबरप्लेटीही मशीनवर निघायला लागल्या. तो दुकानात बसून रेडियमची अक्षरं कापून चिकटवायचा, हसायचा, आल्यागेल्याला चहा पाजायचा... पण चित्र काढायचं त्यानं सोडून दिलं. भाभी मला एकदा हळूच म्हणाल्या, "मास्तर, ह्यांच्या बोटाला आता रंगाचा वास येत न्हाय." त्या बाईनं नवऱ्याचं दुखणं एवढ्यात सांगून टाकलं होतं.

त्याच काळात पूर आला. कुरुंदवाडात पाणी शिरलं तेव्हा दस्तगीरनं अब्बांना आधीच कोल्हापूरला आणलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं फावडी घेऊन गेलो, अब्बाही हट्टानं बरोबर आले. त्यांना बोळाच्या तोंडाशी एका नातेवाइकाकडं बसवून आम्ही चिखल उपसायला लागलो. घराचं दार वाहून गेलं होतं, शिलाई मशीन कुठं दिसत नव्हतं, भिंती पुरुषभर उंचीपर्यंत एकाच रंगाच्या झालेल्या. थोड्या वेळानं पाहतो तर अब्बा उंबऱ्यावर उभे. हातात कुलपाची किल्ली. मशीन जिथं असायचं त्या भिंतीकडं त्यांनी पाहिलं, फळी असायची तिथं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी नखशिखांत चिखलात. टोपी सारखी करत ते अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करा पावणं, चुकून आलो वाटतं. आमचं घर ह्याच बोळात हुतं." आणि वळून चालायला लागले. दस्तगीर फावडं टाकून त्यांच्यामागं पळाला. त्यांना परत आणलं, घर दाखवलं, ते हसलेसुद्धा. पण पुढच्याच वर्षी अब्बा गेले. त्या दिवसाबद्दल दस्तगीर माझ्याशी कधी बोलला नाही, मीही कधी विषय काढला नाही.

अमृता ही माझी शाळेतली विद्यार्थिनी. परदेशी व्हिडिओ गेमसाठी चित्रं करून देणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली आणि घरून काम करायची सोय झाल्यावर ती कोल्हापूरला परतली. एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, हातानं पाट्या रंगवणारं कोण हाय का तुमच्या ओळखीचं? जुन्या पद्धतीच्या?" मी तिला थेट दस्तगीरच्या दुकानात नेलं. तिनं सांगितलं ते आम्ही दोघं तोंड उघडं टाकून ऐकत होतो. गेम अमेरिकेतला, पण खऱ्या अमेरिकेतला नाही. तिथलं जुनं यादवी युद्ध संपलंच नाही असं धरायचं. लढाईत, सोन्याच्या खाणीत, रेल्वेच्या कामावर जे मेले आणि ज्यांना कुणी पुरलंसुद्धा नाही, ते चालत आपापल्या गावी परत आलेत, भर दिवसा. खेळणाऱ्यानं तिथलं एक जिवंत माणूस व्हायचं. डॉक्टर, शिपाई, पाद्री, जे वाटेल ते. गावोगाव जायचं, त्या मेलेल्यांशी बोलायचं की लढायचं ते आपण ठरवायचं, आणि जसं ठरवू तशी गोष्ट बदलत जाते.

"म्हंजे सोंग घ्यायचं," दस्तगीर म्हणाला.

"व्हय काका, सोंगच."

"आणि घेतलेलं निभवायचं."

"तेच तर अवघड हाय," अमृता हसली.

सुरुवात पाट्यांपासूनच झाली. न्हाव्याचं दुकान, घोड्यांचा दाणा, शवपेट्या करणारा सुतार. अमृता इंग्रजी मजकूर लिहून द्यायची, दस्तगीर तो फळीवर रंगवायचा, ती फोटो काढून पाठवायची. अक्षराला त्यानं आपल्या टॉकीजच्या बॅनरसारखी जाड तांबडी सावली दिली होती आणि तिकडं ती भलतीच आवडली. गेमचं नाव त्याच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. तो त्याला 'आपली अमेरिका' म्हणायचा. "आज काय केलंस?" विचारलं की, "आपल्या अमेरिकेत एक खाणावळ टाकली." त्याच्या बोटांना पुन्हा टर्पेंटाइनचा वास यायला लागला. भाभी आनंदल्या. पण भुतांचा खेळ आहे हे कळल्यावर त्यांनी कानाला हात लावले. "ते काय असंल ते दुकानात ठेवा. घरात भुताटकी नको."

आणि मग तिकडून भुतंच काढायला सांगितली. दस्तगीर पेटला. त्यानं काढलेली भुतं मी पाहिली होती. तांबडे डोळे, सुळे, पिंजारलेले केस, आमच्या तरुणपणीच्या सिनेमातला खलनायक मरून वर आल्यासारखी. तिकडच्या प्रमुख जोनबाई व्हिडिओवर आल्या. पिकल्या केसांच्या, शांत. अमृता मधे बसून भाषांतर करत होती. बाईंनी बरंच काही सांगितलं आणि अमृतानं चाचरत त्याचा सारांश केला, "काका, त्या म्हणतात, हे छान आहे पण... ही भुतं आहेत. आम्हाला माणसं पाहिजेत."

"तिला म्हणावं, मग माणसांकडं जा. भुताकडं कशाला आलीस?" दस्तगीर उठून गेला. अमृतानं काय भाषांतर केलं देव जाणे, पण बाई हसल्या.

नंतर महिनाभर त्यानं ब्रशला हात लावला नाही. अमृता दोनदा येऊन गेली. मी काही बोललो नाही, कारण बाईंचं बरोबर होतं आणि ते त्यालाही कळत होतं. एका संध्याकाळी त्यानं मला दुकानात बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. "मास्तर, वळख."

लांब परदेशी कोट, हातात धरलेली हॅट. मागं जळालेलं लाकडी घर, फक्त चौकट उरलेली. तिच्यापुढं एक म्हातारा उभा. डोळे तांबडे नाहीत, चेहऱ्यावर जखम नाही. फक्त भिंतीवर तो काहीतरी शोधतोय आणि एका हातात किल्ली आहे.

"अब्बा," मी म्हणालो.

तो उठला. बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

जोनबाईंना ते चित्र इतकं आवडलं, की म्हातारा गेमच्या एका मुख्य गावात घ्यायचं ठरलं. आणि इथंच खरं भांडण सुरू झालं. घरी भाभींना कळलं. त्या दस्तगीरवर कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्या दिवशी चढवला. "माझ्या सासऱ्याला भूत केलंसा? आणि जगातली पोरं त्येंच्यावर गोळ्या झाडणार?" हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो तसाच अमृताकडं गेला. बाईंना निरोप गेला, की ह्या म्हाताऱ्यावर गोळी चालता कामा नये, नाहीतर चित्र परत द्या. बाईंचं उत्तर आलं, गोळी झाडायची सोय काढून टाकली तर न झाडण्याला काय अर्थ राहिला? आमचा सगळा खेळच माणूस काय निवडतो यावर उभा आहे.

आठवडा असाच गेला. चित्र काढून घेतलं असतं तर काम गेलं असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे हात पुन्हा थांबला असता. तरी दस्तगीर चित्र काढून घ्यायच्याच विचारात होता असं मला वाटतं. मग एका दुपारी माझ्याकडं आला, पायरीवर बसला. "बाईचं खरं हाय, मास्तर. पण झाडणाऱ्याला कळाय पायजे." त्यानं अमृताला फोन लावायला सांगितला आणि मला बाजूला बसवून तिला मराठीत एकेक शब्द सांगितला. गोळी म्हाताऱ्याच्या आरपार जाईल. त्याला काही होणार नाही. तो फक्त वळून बघंल, हॅट सारखी करंल आणि म्हणंल, माफ करा, चुकून आलो वाटतं, आमचं घर ह्याच रस्त्याला हुतं. आणि निघून जाईल. परत कधीच येणार नाही. पलीकडं अमृता रडत होती. मी पायरीकडं बघत बसलो.

बाईंनी ते जसंच्या तसं घेतलं.

गेम निघाला तेव्हा अमृताच्या घरी आम्ही तो मोठ्या टीव्हीवर पाहिला. दस्तगीरनं स्वतः खेळायचा प्रयत्न केला. तो घोड्यावरनं पडायचा, नदीत जायचा, पहिल्याच पुलावर कुणीतरी त्याला मारायचं. "आयला, मी बनवलेल्या अमेरिकेत मलाच कोण जगू देईना!" शेवटी अमृताच खेळली आणि आम्हाला गावंच्या गावं फिरवून आणली. पाट्या दिसल्या की तो नुसता "हं" म्हणायचा. म्हाताऱ्याच्या गावी आल्यावर अमृतानं बंदूक खाली ठेवली आणि त्याच्याशी बोलली. म्हातारा म्हणाला, मशीन इथं होतं.  अखेरीस गेम बनवणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी सरकायला लागली. त्यात त्याचं नाव आलं, आणि त्यानं हट्ट धरल्याप्रमाणं नावापुढं गावाचं नाव : कुरुंदवाड. त्यानं अमृताला तेवढंच परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

पुढं बऱ्याच खेळणाऱ्यांनी त्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलं. अमृता त्याला वाचून दाखवायची. कुणीतरी लिहिलं होतं, मी आधी गोळी झाडली आणि मग पाच दिवस त्याला गावोगाव शोधत हिंडलो, सापडला नाही. दस्तगीर म्हणाला, "बिचारा. त्याला सांग, म्हातारं पोचलं घरी." अमृतानं ते खरोखर इंग्रजीत लिहून टाकलं.

त्यानंतर त्याला दोन वर्षं मिळाली. कामं येत राहिली. डॉक्टरांनी दगदग करू नको म्हटल्यावर तो घरातल्या पुढच्या खोलीत काम करायला लागला. भाभींचा भुताटकीला असलेला विरोध तेव्हाही मावळला नव्हता. त्या खोलीत यायच्या त्या चहा ठेवायला आणि चित्रांकडं न बघता परत जायच्या. गेम त्यांनी एकदाही पाहिला नाही.

परवा दुपारी त्यांना भेटायला गेलो. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत भाभी साडीला फॉल लावत बसल्या होत्या आणि समोर टीव्हीवर गेम चालू होता. अमृतानं लावून दिला होता म्हणे. भाभींनी त्यातलं सोंग एका रिकाम्या गावाच्या चौकात आणून उभं केलं होतं आणि रिमोट बाजूला ठेवून दिला होता. लढाई नाही, बोलणं नाही. दस्तगीरच्या पाट्या असलेल्या लाकडी दुकानांवर ऊन सरकत होतं, एक घोडा शेपटी हलवत होता. भाभी चार टाके घालायच्या, मान वर करून बघायच्या, पुन्हा टाके घालायच्या.

"पुढं जात न्हाई व्हय?" मी विचारलं.

"कशाला? बसा की." त्यांनी माझ्याकडं पाट सरकवला. मी बसलो. पडद्यावरचं ऊन हळदीसारखं पिवळं होत चाललं होतं, आणि आम्ही दोघं ते बघत राहिलो.

"मास्तर, अमेरिकेत असंच ऊन पडतंय व्हय?"

"काय की भाभी. मी कुठं बघितलीया अमेरिका."

भाभींनी दातानं दोरा तोडला. "ह्यांनी तरी कुठं बघितलीती," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.